नवी आज्ञावली, जुनी यंत्रणा

संगणकाची आज्ञावली, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण प्रोग्रॅम म्हणतो तो, मनुष्य एका भाषेत लिहितो आणि यंत्र दुसऱ्या भाषेत वाचते. मधले भाषांतर कंपाइलर करतो व त्यातून तयार झालेली फाइल ग्राहकाच्या हाती येते. नव्या यंत्रणेवर तयार झालेली ही फाइल जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पुष्कळदा चालतच नाही. असे का व्हावे?

जुने ते दुबळे, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु एक उदाहरण पाहा. विंडोज एक्सपी २००१ साली आली; तिचा अंतर्गत क्रमांक ५.१. पुढे व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ हे साधन निघाले. त्याने केलेल्या फाइलीच्या शीर्षभागात 'किमान ६.० क्रमांकाची यंत्रणा हवी' अशी नोंद आपोआप पडे. ६.० म्हणजे व्हिस्टा. आत दोन आकड्यांची बेरीज एवढेच काम असले, तरी एक्सपी ती नोंद पाहून फाइल नाकारी. त्याच वर्षी पहिल्या सुधारणेबरोबर एक्सपीसाठी निराळी सोय देण्यात आली.

नोंद बदलली म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. प्रत्येक प्रोग्रॅम यंत्रणेकडून काही सेवा घेतो व त्यांची नावे फाइलीत लिहिलेली असतात. यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला हे सांगणारी 'गेटटिककाउंट६४' ही सेवा व्हिस्टापासून मिळू लागली. हे नाव यादीत असेल, तर एक्सपीवर प्रोग्रॅम पहिली आज्ञा पाळण्यापूर्वीच थांबतो. मग त्या सेवेची प्रत्यक्ष गरज पडो वा न पडो. यावर उपाय असा, की ते नाव यादीत घालू नये. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर यंत्रणेला विचारावे, 'ही सेवा आपणापाशी आहे काय?' नसल्यास जुनी सेवा घ्यावी. मात्र तिचा मोजक सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो, हे ध्यानात ठेवावे.

लिनक्सच्या जगात याहून सोपा नियम रूढ आहे: ज्या जुन्यात जुन्या यंत्रणेवर प्रोग्रॅम चालावयाचा, तिच्यावरच तो तयार करावा. तेथील मूळ ग्रंथालय, जीलिबसी, जुन्या सेवा जुन्या क्रमांकासह जपून ठेवते. म्हणून जुन्यावर केलेले सामान्यतः नव्यावर चालते. उलट मात्र चालेलच असे नाही. पायथॉन भाषेच्या मंडळींनी २०१६ साली आपल्या तयार फाइलींसाठी पहिले सामाईक प्रमाण ठरविले, तेव्हा २००७ सालची सेंटओएस ५ हीच यंत्रणा पायाभूत मानली.

तथापि चालणे निराळे आणि सुरक्षित असणे निराळे. एक्सपीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या. अशी यंत्रणा इंटरनेटपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे.

मग हा खटाटोप कशासाठी? एखाद्या प्रयोगशाळेतील मोजमापाचे उपकरण उत्तम चालत असते. पण त्याला जोडणारा प्रोग्रॅम जुन्या यंत्रणेशीच बांधलेला असतो. संगणक बदलावा, तर उपकरणही टाकून द्यावे लागते. जुन्याची साथ कधीतरी सोडावी लागते, हे खरे. परंतु तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असावा. साधनाने न विचारता घातलेल्या एका आकड्याने तो परस्पर घेऊ नये. आपली फाइल किमान काय मागते, हे करणाऱ्याने ती ग्राहकास देण्यापूर्वी स्वतः तपासून पाहावे, एवढीच अपेक्षा.