वळवात मोडलेली झाडे

वैशाखातल्या तापलेल्या अपराह्णी करवीरनगरीवर आभाळ भरून येते आणि घटकाभरात वळीव गुलमोहराच्या फांद्या रस्त्यांवर आडव्या पाडून निघून जातो. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष रूपाने देखणा खरा, पण काष्ठाने ठिसूळ, म्हणून पहिला बळी बहुधा तोच ठरतो. फांदीत विजेची तार गुंतली असेल, तर कुऱ्हाडीस हात लावण्यापूर्वी महावितरणास वर्दी द्यावी, हे सांगावयास नको, तरी सांगतो.

अर्धवट मोडून लोंबणारी जड फांदी वरून एकाच घावात तोडणे हा शुद्ध अविचार होय, कारण कोसळताना ती बुंध्याची साल हातभर सोलून नेते. म्हणून प्रथम बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून थोडा छेद द्यावा, मग किंचित पुढे वरून करवत चालवून भार उतरवावा, आणि शेवटी उरलेला खुंट, फांदीच्या मुळाशी दिसणारा फुगीर कंगोरा न दुखावता, त्याच्या लगत बाहेरून छाटावा; जखम झाकणारी नवी वाढ तेथूनच होते. डांबर फासण्याची जुनी रीत आता शास्त्रसंमत नाही.

उन्मळलेले कोवळे झाड, मुळांवर ओले पोते टाकून, त्याच दिवशी उभे करावे व त्यास बांबूचा टेकू द्यावा. वडाची तर गोष्टच निराळी: त्याची मोडलेली जाड फांदीही पावसाळ्यात रोवल्यास मूळ धरते.

मात्र डोलणारे उभे झाड भयापोटी परस्पर तोडू नये. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये शहरात त्यासाठी परवानगी घ्यावी लागते, आणि तिचा अर्ज महानगरपालिकेच्या दप्तरी दाखल करावा लागतो.