पाऊणपटीचे गणित



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून शिंपल्यांविषयी बोलावे, हे काहींस विनोदी वाटेल. परंतु दिल्लीत बसून कोकण आठवताना आपण बहुधा हापूस, फणस आणि दशावतार यांपाशीच थांबतो. ओहोटीच्या चिखलात वाकलेल्या स्त्रियांपर्यंत आपली आठवण क्वचितच पोहोचते. त्यांच्या विद्येविषयी चार शब्द सांगण्याची अनुज्ञा असावी.

विद्या हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजिला आहे. रत्नागिरीजवळची भाट्याची किंवा काळबादेवीची खाडी घ्या. पाणी ओसरले की बायका टोपल्या घेऊन उतरतात. कोणी तिसऱ्या म्हणते, कोणी मुळे, कोणी शिवल्या. रेतीतील बारीक छिद्रांवरून आणि पायाच्या बोटांस होणाऱ्या स्पर्शावरून त्या जागा ओळखतात व हाताने उकरून शिंपल्या वेचतात. घरी त्यांचे एकशिपी होते, उरलेल्या बाजारात जातात. या साऱ्याचा आधार मात्र एका तोंडी हिशेबावर आहे.

तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीस सहाला भरती, बाराला ओहोटी. पण त्या दिवसांत भांगाचे पाणी असते, ते फारसे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ते दूरवर ओसरते आणि तितक्याच जोराने परतते. म्हणून केव्हा उतरावे याहूनही केव्हा परतावे, हे त्या बायकांस या गणिताने कळते.

हे ज्ञान नसले तर काय होते, याचे उदाहरण दूरचे आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील मोरकॅम्ब उपसागरात दाताळ्यांनी रेती ओढून शिंपल्या काढतात. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री मुकादमाने तेथे उतरविलेले २३ चिनी मजूर वाढत्या भरतीत बुडून मेले. पोटासाठी परमुलखात आलेली ती माणसे. त्या किनाऱ्याचे पाणी त्यांच्या ओळखीचे नव्हते. त्याच वर्षी ब्रिटनने अशा मुकादमांस परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. पण गेलेले जीव परत आले नाहीत.

आपणही परमुलखात आहोत. आपल्या यमुनेस भरती नाही. आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेत तिथी आहे; उत्तरेतील महिना पौर्णिमान्त, आपला अमान्त, तरी तिथी दोहोंकडे एकच. संकष्टीस आपण चंद्रोदयाची वेळ पाहतो. त्याच तिथीवरून खाडीकाठची बाई पाण्याची वेळ काढते, हे आपल्या मुलांस कोणी सांगितलेले नसते. ज्या वडीलधाऱ्यांस हा हिशेब मुखोद्गत होता, त्यांच्यापैकी पुष्कळजण आज आपल्या सभेत नाहीत.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. मे महिन्याच्या सुटीत कोकणात जाणाऱ्या मुलांनी आजीला किंवा शेजारच्या काकूंना हे गणित विचारावे, त्यांच्याबरोबर एकदा तरी ओहोटीस उतरावे, शिंपल्यांची त्या गावची नावे वहीत टिपून आणावीत आणि परतल्यावर ती आम्हां सर्वांस येथे वाचून दाखवावीत. त्या दिवशीचे अध्यक्षस्थान आपण त्यांपैकीच एखाद्या मुलास देऊ.