फोर्कलिफ्टचें इंजिन वेग कां घेत नाहीं?

भिवंडीच्या एखाद्या मोठ्या गोदामापुढें सकाळीं मालमोटारी ओळीनें उभ्या असतात. त्यांतील माल उतरवून घेण्यासाठीं, पुढें दोन लांब लोखंडी फोर्क असलेलें एक बुटकें वाहन सारखें आंतबाहेर फिरत असतें, तेंच फोर्कलिफ्ट. शहरांत घरोघर येणाऱ्या पुष्कळशा वस्तू केव्हां ना केव्हां या फोर्कांवरून गेलेल्या असतात, पण गृहस्थाच्या दृष्टीस हें वाहन सहसा पडत नाहीं.

यांपैकीं डिझेलवर चालणाऱ्या वाहनांस एक चमत्कारिक दुखणें होतें. इंजिन चटकन् सुरू होतें, संथपणें तासन् तास चालतें. मात्र ॲक्सिलरेटर दाबला कीं कुंथतें, वेग घेत नाहीं. दाराशीं चालक ताटकळलेले, मुकादम घाईस आलेला. अशा वेळीं पहिला संशय नेमका सर्वांत महाग भागावर, म्हणजे इंधनाच्या पंपावर, जातो आणि पंप उतरविला जातो. हा संशय पुष्कळदां निराधार असतो.

संथ चालणारें इंजिन स्वतःच साक्ष देत असतें. रुडॉल्फ डीझेल याचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील ऑग्सबर्ग येथें यशस्वी ठरलें, तेव्हांपासून तत्त्व एकच आहे: हवा इतकी दाबावयाची कीं ती तापून, आंत शिंपडलेलें इंधन ठिणगीवांचून पेटावें. इंजिन सहज सुरू होतें, त्या अर्थीं हा दाब बहुतेक ठीक आहे. उणें पडतें तें मागणी वाढल्यावर. संथ चालीस इंधन थोडेंच लागतें, वेगास व ओझ्यास कित्येक पट. अर्धवट चोंदलेल्या नळाखालीं तांब्या भरतो, पण टांकी भरत नाहीं, तसाच हा प्रकार.

तपासणीपूर्वीं फोर्कांवरील माल उतरवून फोर्क जमिनीस टेकवावे, हँडब्रेक लावावा आणि वाहन उघड्यावर न्यावें. बंद गोदामांत इंजिन चालवीत बसणें हा निव्वळ अविचार होय. डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे.

आतां धुराकडे पाहावें. ॲक्सिलरेटर दाबतांच काळा धूर निघाला, तर इंधन पोंचतें आहे, हवा अपुरी पडते. गोदामांतील धूळ व पोत्यांचे तंतू हवेच्या फिल्टरमध्यें सांठतात; कधीं रबरी नळी आंतून सुटून मार्ग अडविते, कधीं काजळीनें सायलेन्सर तुंबतो.

धूर मुळींच वाढला नाहीं, तर दोष इंधनाकडे. तेथेंहि आधीं एकानें ॲक्सिलरेटर दाबावा व दुसऱ्यानें पंपावरील दांडी शेवटपर्यंत फिरते कीं काय हें पाहावें. केबल सैल झालेली असते, किंवा पायाखालचा गालिचा आड आलेला असतो! मग टांकीचें झांकण सैल करावें. हवा आंत ओढल्याचा आवाज होऊन इंजिन सुधारलें, तर झांकणाचें श्वासछिद्र बुजलेलें असतें. त्यानंतर फिल्टरच्या तळाचें पाणी काढावें, व फिल्टर जुना असल्यास बदलावा. इंजिन चालू असतां हातपंप मारल्यानें वेग वाढला, तर पंपापर्यंतची वाट चोंदलेली आहे, अगर टांकींतून इंधन ओढणारा लहान पंप दुबळा झालेला आहे.

टांकीकडून येणारी नळी ओढीखालीं असते. तिच्या सैल सांध्यांतून चालत्या इंजिनांत डिझेल गळत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत शिरते. म्हणून जमीन कोरडी पाहून सांधे चांगले मानणारा फसतो. पारदर्शक नळीचा तुकडा मध्यें बसविल्यास बुडबुडे धांवतांना दिसतात. मात्र पंपापुढील बारीक नळ्यांच्या गळतीवर बोट कधींहि ठेवूं नये. तेथील दाब एवढा असतो कीं इंधनाची धार कातडीतून आंत शिरते.

अलीकडच्या वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दोष आढळतांच वेग मुद्दाम रोखतो व पडद्यावर खुणेचा आंकडा दाखवितो. तेथें तो आंकडा प्रथम वाचावा.

जुन्या पंपावरील सीलबंद स्क्रू फिरवून वेग वाढविण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो स्क्रू कमाल वेगाची मर्यादा राखतो. तुंबलेला फिल्टर त्यानें मोकळा होत नाहीं, पण पुढें फिल्टर बदलल्यावर इंजिन बेफाम धांवून मोडूं शकतें. एवढें सगळें पाहूनहि इंजिन उठलें नाहीं, तरच पंप उतरवावा. आणि तो दुरुस्तीस धाडतांना धूर कोणत्या रंगाचा होता व हातपंपानें काय फरक पडला, हें चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावें.