अर्धवेळ काम, दिव्यांग अनुदान आणि पन्नास हजारांची अट

(हर्सूल येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आजसाठी ‘सॉफ्टवेअरमधल्या संधी’ हा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. कारण आपल्या वस्तीत संधींबद्दल मला फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे : ‘भाई, घरबसल्या थोडं काम केलं तर पेन्शन बंद होते का?’ विचारणारे दिव्यांग असतात किंवा त्यांच्या घरचे. मी इंजिनिअर, वकील नव्हे. पण ऑनलाइन फॉर्म भरून देतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतात.

पेन्शन म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. १९८० मध्ये बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना ती सुरू झाली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं, राज्यात १५ वर्षांचा रहिवास हवा, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. इतर निराधारांना ही मर्यादा २१,००० आहे. रक्कम २०२३ मध्ये महिना १,५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५००. दरवर्षी हयातीचा दाखलाही द्यावा लागतो.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. किती तास काम करता, घरी करता की दुकानात, यावर ही मर्यादा ठरलेली नाही. तहसीलच्या दाखल्यावर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न किती, त्यावर ती ठरते. म्हणजे ‘काम केलं की पेन्शन गेली’ ही गल्लीतली अफवा अर्धीच खरी आहे. पण उरलेला अर्धा भाग लोकांना घाबरवायला पुरेसा आहे. तो आकड्यांत सांगतो.

माझ्या खालाचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. अपघातात पायाला आणि कमरेला मार बसला. सलग तीन-चार तासांच्या वर त्याला बसवत नाही. घरात तो आणि खाला दोघंच. खर्च वजा जाता महिन्याला ३,५०० सुटतात, म्हणजे वर्षाला ४२,०००. अनुदानाचे ३०,००० धरले तर ७२,०००. आता समजा, चांगली गिऱ्हाइकं मिळाली आणि तो महिन्याला ४,५०० कमवू लागला. वर्षाचे ५४,००० झाले. मर्यादा ओलांडली, अनुदान बंद. हातात राहिले ५४,०००. बारा हजारांचं जास्त काम केलं आणि घर अठरा हजारांनी गरीब झालं. मर्यादेच्या अगदी काठावर त्याला वर्षाला ८०,००० मिळत होते. तेवढेच स्वतःच्या कमाईतून उभे करायला महिन्याला ६,६०० च्या वर कमवावे लागतील. कंबर तितकं बसू देत नाही.

आमच्या प्रोग्रॅमिंगमध्ये असा ‘इफ-एल्स’ कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत जातो. एका रुपयाने इनपुट वाढलं आणि आउटपुट तीस हजारांनी पडलं, हे कुठल्याही हिशोबात चालणार नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती पैशांपेक्षा मोठी वाटते. त्याची कमाई दर महिन्याला सारखी नसते. ईदच्या आधी दुकान भरलेलं, मग दुखणं उठलं की दोन महिने पडून. एकदा अनुदान बंद झालं आणि पुढच्या वर्षी पुन्हा गरज पडली, तर परत उत्पन्नाचा दाखला, परत रहिवास, परत अर्ज, परत मंजुरीची वाट. म्हणून माणूस चांगल्या महिन्यालाच घाबरतो. आलेलं काम परत पाठवतो. खालाच्या मुलाने मागच्या वर्षी एका शाळेच्या टॅब दुरुस्तीचं काम असंच सोडलं.

मग लोक काय करतात? क्यूआर कोड लावत नाहीत, रोख घेतात. पावती देत नाहीत. उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, तीही टाळतात. त्यांना फसवे म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण तोटा त्यांचाच होतो. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ सवलतीच्या व्याजाने धंद्याला कर्ज देतं, आणि कर्ज मागताना धंदा दाखवावा लागतो. लपवलेल्या धंद्यावर कर्ज कोण देणार? शिवाय खोटं उत्पन्न दाखवल्याचं उघड झालं तर जे मिळालं तेही परत करायची वेळ येऊ शकते. म्हणून माझा सल्ला : लपवू नका, मोजा. गिऱ्हाइकाने दिलेले ६,००० हे उत्पन्न नव्हे. त्यातून डिस्प्ले, बॅटरी, वीज, रिक्षाभाडं गेलं की उरतं ते उत्पन्न. अनेक जण मर्यादेच्या आत असूनही घाबरतात, कारण त्यांनी खर्च कधी लिहिलेलाच नसतो.

आपले काही बुजुर्ग म्हणतात, एवढी कटकट कशाला, जकातीतून मदत करू. त्यांची नियत साफ आहे. पण ती मदत देणाऱ्याच्या मर्जीवर आणि ऐपतीवर असते. अनुदानाला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा आधार आहे. कलम २४ म्हणतं की अशा योजनांतली दिव्यांगांची रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. आणि त्याच कलमात दिव्यांग पेन्शन ‘अधिसूचित उत्पन्न मर्यादेच्या अधीन’ द्यावी असं आहे. हे नीट लक्षात घ्या. पन्नास हजार हा आकडा संसदेने लिहिलेला नाही. तो राज्य सरकारने ठरवला आहे आणि राज्य सरकार तो बदलू शकतं.

बदलता येतो याचा पुरावा समोर आहे. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाची मर्यादा अडीच लाख ठेवली. दिव्यांग भावासाठी पन्नास हजार का, हा प्रश्न विचारायला मोर्चाच हवा असं नाही. निवेदन देता येतं, आमदारांना भेटता येतं.

नुसती मर्यादा वाढवूनही कडा तशीच राहते, थोडी पुढे सरकते एवढंच. अमेरिकेत ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ मध्ये महिन्याच्या कमाईतले पहिले ६५ डॉलर धरतच नाहीत, पुढच्या दर दोन डॉलरमागे मदतीतला एक डॉलर कापतात. (सगळंच तिथलं चांगलं असं नाही. एकट्या माणसाने २,००० डॉलरहून जास्त बचत ठेवली तर ती मदत जाते, हा आकडा १९८९ पासून हललेला नाही.) हीच रीत आपल्याकडे लावून बघा. पन्नास हजारांच्या पुढे दर दोन रुपयांमागे एक रुपया कापला, तर ५४,००० कमावणाऱ्याचे २,००० कापले जातील, २८,००० मिळतील, हातात ८२,००० येतील. वर्षाला एक लाख दहा हजार कमावले की अनुदान आपोआप शून्यावर येईल. कुणाला एकदम ढकलून द्यावं लागणार नाही.

यासोबत मी आणखी एक मागणी जोडेन : कमाई वाढून अनुदान थांबलं, तर पुढची दोन वर्षं नवा अर्ज न करता, फक्त उत्पन्नाच्या दाखल्यावर ते पुन्हा सुरू व्हावं. निवेदनाचा मसुदा मी मराठी आणि उर्दूत आणला आहे. ज्यांच्या घरी असं प्रकरण आहे त्यांनी थांबा. जमा-खर्चाची वही कशी लिहायची ते आता इथेच बसून दाखवतो, कॉम्प्युटर लागत नाही.