परवाना आणि शब्द
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यातील भाषणाचा संक्षेप)



घरे-जागांच्या दलालीत माझी पस्तीस वर्षे गेली. घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून द्यावी, दलाली घ्यावी, एवढाच पूर्वी आमचा व्यवसाय. परवाना कोणी विचारीत नसे. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे आपण ज्याला ‘रेरा’ म्हणतो तो, १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या मध्यस्थालाही नोंदणी बंधनकारक झाली. महारेराने २०२३ मध्ये त्यापुढची पायरी घातली : मान्यताप्राप्त संस्थेत २० तासांचे प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र. नोंदणी त्यानंतर. एकट्याने व्यवसाय करणाऱ्यास शुल्क १०,००० रुपये, मुदत पाच वर्षे. नोंदणीविना काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड. तो वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

परंतु दंडाच्या भीतीने हे करा, असे सांगण्यासाठी मी उभा नाही. पूर्वी एका विधवा भगिनीला मी सदनिका मिळवून दिली. “खिडकीसमोर बाग होणार आहे,” असे मी छातीठोकपणे सांगितले. विकासकाच्या माणसाने मला सांगितले, मी त्यांना सांगितले. मंजूर नकाशा मी पाहिलाच नव्हता. दोन वर्षांनी तेथे दुसरी इमारत उभी राहिली. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. हेच मला अधिक लागले. दलाली मात्र मी केव्हाच खर्चून बसलो होतो!

प्रशिक्षणात कायद्याचे दहावे कलम शिकवले, तेव्हा तो प्रसंग डोळ्यांसमोर आला. खोटी वा दिशाभूल करणारी माहिती देऊ नये, नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील घर विकू नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि ग्राहकाला मिळावयाची सर्व कागदपत्रे घराच्या बुकिंगच्या वेळीच त्याच्या हाती पडतील असे पाहावे, असे ते सांगते. आज महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे घरबसल्या दिसतात. ते उघडून ग्राहकाला दाखवायला दहा मिनिटे पुरतात.

साठी उलटल्यावर मी परीक्षेस बसलो. शेजारी नातवाच्या वयाची मुले! उत्तीर्ण झालो, हे सांगताना संकोच वाटत नाही.

आपल्यातील काही तरुण आजही दुसऱ्याच्या नोंदणी क्रमांकावर व्यवहार करतात, हे मला ठाऊक आहे. भोजनानंतर मी मागच्या दालनात थांबणार आहे. पॅनकार्ड आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे घेऊन या. प्रशिक्षणाचा अर्ज आजच भरू.