रंध्याचा धबधबा आणि आपले पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दर वर्धापनदिनी आपल्यापैकीच एकीने उभे राहून एखाद्या विषयाची माहिती सांगावी, असा आपला रिवाज आहे. या वर्षी ती पाळी माझ्यावर आली. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तेव्हा फार दूरचा विषय न घेता, गेल्या श्रावणात आपण सहलीला जाऊन जो रंध्याचा धबधबा पाहिला, त्याचीच माहिती सांगायचे मी ठरवले. परतीच्या गाडीत कितीतरी जणींनी प्रश्न विचारले होते. हे पाणी येते कुठून? एवढे मोठे पाणी जाते कुठे? ते वाया जात नाही का? आणि आपल्या सुप्याला त्यातले काही का मिळत नाही? मुलांची भूगोलाची पुस्तके चाळून, वाचनालयात बसून आणि राजूरकडच्या नातलगांना विचारून जी उत्तरे मिळाली, ती आज आपल्यापुढे ठेवते.

प्रथम भूगोल पाहू. आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे जुन्या जिभेला नगर जिल्हा, एका टोकाला ओला आणि बाकी सारा कोरडा आहे. ओले टोक म्हणजे अकोले तालुका. सह्याद्रीचा कणा तिथे उभा आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, याच तालुक्याच्या शिवेवर आहे. जवळच रतनगड आहे. या रतनगडाच्या डोंगरात प्रवरा नदी उगम पावते. पायथ्याला रतनवाडीचे अमृतेश्वराचे हेमाडपंती देऊळ आहे. तिथून पाणी भंडारदऱ्याच्या धरणात येते. धरणाशेजारच्या शेंडी गावापासून दहा-अकरा किलोमीटर खाली गेले की नदीच्या पायाखालचा खडक एकाएकी संपतो आणि ती सुमारे १७० फूट खाली घळीत कोसळते. हाच रंध्याचा धबधबा.

खडक असा एकाएकी का संपतो? आपला महाराष्ट्र बहुतेक काळ्या कातळाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस बाहेर आला आणि थरावर थर पसरत थंड झाला. पुरणपोळीचे पदर एकावर एक रचावेत तसे हे थर आहेत. त्यांतले काही टणक, काही भुसभुशीत. नदी वाहता वाहता मऊ थर लवकर कोरते, टणक थर मात्र दाद देत नाही. मग टणक थराच्या कडेवरून पाणी खाली उडी घेते, आणि खालचा भाग झिजून घळ आणखी खोल होत जाते. आपल्या पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे आपण पाहिले आहेत. तिथे पाण्याने दगडगोटे गरागरा फिरवून कातळात रांजण कोरले. रंध्याला त्याच पाण्याने त्याच कातळाचा कडा केला.

आता पुराणातली गोष्ट. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंक्तीत राहू चोरून बसला आणि अमृत प्यायला. विष्णूने त्याचा गळा कापला. त्या गळ्यातून जे अमृत ओघळले, तीच प्रवरा, म्हणून तिला अमृतवाहिनी म्हणतात. ज्या मोहिनीरूपात विष्णूने अमृत वाटले, त्या मोहिनीराजाचे देऊळ नेवाशाला आहे, आणि नेवासेही याच नदीकाठी आहे. तिथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे प्रवरासंगमाला ही नदी गोदावरीत मिळते. रंध्याच्या काठावर घोरपडादेवीचे देऊळ आहे, तिची ओटी आपण भरलीच होती.

इतिहासातही या डोंगराचे नाव आहे. इथल्या महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. सावकारांची लूट आणि इंग्रजांचा जाच यांविरुद्ध त्यांनी बंड केले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले गेले. म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही नऊ वर्षे आधी. धबधबा पाहताना या डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या माणसांची आठवण ठेवावी, म्हणून हे सांगितले.

इंग्रजांनी इथे धरणही बांधले. नगर जिल्ह्यात दुष्काळ पाठोपाठ येत होते, म्हणून प्रवरेवर भंडारदऱ्याला १९१० मध्ये काम सुरू झाले आणि १९२६ च्या डिसेंबरात ते पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट. दगड आणि चुना यांचे हे बांधकाम. त्या वेळचे गव्हर्नर विल्सन यांच्या नावाने विल्सन बंधारा, आणि मागच्या तलावाला आर्थर तलाव, अशी नावे जुन्या कागदांत आढळतात. १९६९ साली या भिंतीला तडे गेले होते. तेव्हा मागून टेकू बांधून ती बळकट केली. धरणाच्या पायथ्याला मोरीतून सुटणारे पाणी खडकावरून छत्रीसारखे पसरते, त्याला छत्री धबधबा किंवा अंब्रेला फॉल म्हणतात. तो आपण लांबून पाहिला.

या धरणात अकरा टीएमसी पाणी मावते. वर्तमानपत्रात हा शब्द आपण रोज वाचतो, पण तो डोळ्यांपुढे येत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. अकरा टीएमसी म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर. आपल्या कडेवरच्या पंधरा लिटरच्या हंड्याने मोजायला बसले, तर साऱ्या जिल्ह्यातल्या बायकांचा जन्म जाईल!

आता उपयोगाकडे येते. एक उपयोग विजेचा. उंचावरून पडणाऱ्या पाण्यात जोर असतो. ते पाणी मोठ्या नळातून चाकाच्या पात्यांवर सोडले की चाक जात्यासारखे फिरते आणि त्याला जोडलेल्या यंत्रात वीज तयार होते. पाणी मात्र संपत नाही. वीज काढून घेतली तरी ते तसेच खाली वाहते. भंडारदऱ्याच्या पायथ्याला एक वीजघर आहे ते १२ मेगावॉटचे. रंध्याच्या उंचीचा फायदा घेणारे दुसरे ३४ मेगावॉटचे, त्याला कोदणीचे वीजघर म्हणतात. त्यासाठी पाणी धबधब्याच्या वरच वळवून घेतात. म्हणून पावसाळ्याबाहेर गेलेला माणूस कधी कधी रिकामा कडा पाहून परत येतो. कोणी म्हणते, शोभा गेली. कोणी म्हणते, घरात दिवा लागला. दोन्ही म्हणणी खरी आहेत. बेळगावकडे गोकाकचा धबधबाही साधारण रंध्याच्याच उंचीचा. तिथे सूतगिरणीची यंत्रे गेल्याच्या मागच्या शतकात त्या पाण्यावर चालली. अमेरिकेचा जगप्रसिद्ध नायगारा उंचीला फार तर रंध्याहून थोडा अधिक, पण रुंदी आणि पाणी अफाट. त्याचेही पुष्कळसे पाणी वाटेत वीजघरांकडे वळवलेले असते.

सर्वांत मोठा उपयोग शेतीचा. धरणातून सुटलेले आवर्तन संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावर अडते. तिथून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. या कालव्यांनी खालच्या तालुक्यांचे रूप पालटले. जिथे बाजरी कशीबशी होई, तिथे ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी साखर कारखाना काढला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे अध्यक्ष होते. १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. साऱ्या देशाने त्याचा कित्ता गिरवला. पण एक गोष्ट सांगायला हवी. पाणी फुकटासारखे मिळाले म्हणून बेसुमार दिले, तिथल्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या. भाजीत मीठ जास्त झाले तर पाणी घालून सावरता येते, जमिनीचे तसे होत नाही.

धबधब्याच्या खाली याच नदीवर निळवंडे धरण झाले. त्याला मान्यता १९७० मध्ये मिळाली. डाव्या कालव्यातून पाणी सुटले ते २०२३ साली. मधली त्रेपन्न वर्षे! ज्या सासूने कालव्याचे नाव ऐकले, तिच्या नातसुनेने पाणी पाहिले. आणि ज्यांची घरेदारे, शेते बुडाली, ती माणसे वेगळीच. पुन्हा दुष्काळाच्या वर्षी याच नदीचे पाणी खाली पैठणच्या जायकवाडीसाठी सोडावे लागते. २०२३ च्या नोव्हेंबरातही सोडले. तेव्हा आपल्याकडचे लोक रागावतात. पण मराठवाड्यातली बाईही हंडा घेऊन उभीच असते ना? पाण्याचा वाटा मागताना दुसऱ्याच्या तहानेला नाही म्हणता येत नाही.

म्हणजे रंध्याचे पाणी वाया जात नाही. थेंबन्‌थेंब कोणाच्या ना कोणाच्या हिशेबात आहे. मग आपल्याला का नाही? कारण सोपे आहे. प्रवरा आपल्या उत्तरेकडून गोदावरीला जाते. सुप्याचे पाणी हंगा नदीने दक्षिणेला, घोड आणि भीमेकडे उतरते. मध्ये पारनेरचे पठार आहे. पाणी चढण चढत नाही.

पाऊस तरी किती वेगळा! घाटघर-रतनवाडीला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडता ओलांडता ढग रिते होतात आणि आपल्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा, तोही लहरीने. १९७२ च्या दुष्काळात आमच्या सासूबाई खडी फोडायला जात आणि मिळालेली सुकडी पोरांना घालत. टँकरच्या मागे धावणे तर आपण सर्वजणींनी केले आहे.

पण भगिनींनो, एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. राजूरकडची आमची नातलग सांगत होती, तिकडच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर उन्हाळ्यात बायका झऱ्याशी वाटीवाटीने पाणी भरतात. ज्यांच्या दारात एवढा पाऊस, त्यांच्याही डोक्यावर हंडा! उतार तीव्र, कातळ उघडा, पाणी थांबत नाही. तेव्हा नुसता भरपूर पाऊस पडून भागत नाही. पाणी अडवले नाही, तर धबधब्याजवळही तहान लागते. त्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बियाणे जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाईने मनावर घेतले तर काय होते, ते त्यांच्याकडे पाहावे.

आपल्या जवळचेही उदाहरण आहे. राळेगणसिद्धी सुप्याहून काही लांब नाही. पाऊस आपल्याइतकाच. १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी गावकऱ्यांना घेऊन नाले अडवले, बांध घातले, झाडे लावली, आणि कोरड्या विहिरींना पाणी आले. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजाराने तर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. आपण महिन्याचा किराणा लिहितो, तसा पाण्याचा जमाखर्च.

आता आपला हिशेब मांडते. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. घराचे छप्पर पन्नास चौरस मीटर धरा आणि पाऊस चारशे मिलिमीटरच धरा. वीस हजार लिटर झाले. उडालेले, सांडलेले पाच हजार सोडले तरी पंधरा हजार, म्हणजे एक हजार हंडे आपल्या डोक्यावरून ओघळून गटारात जातात. त्यातले पाच हजार लिटर जरी टाकीत धरले आणि पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर लावले, तर दोनशे दिवस पुरतात. दिवाळीपासून वैशाखापर्यंत!

खटाटोपही फार नाही. छपराच्या कडेला पन्हळ लावावी. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. मग खडी, वाळू आणि कोळसा यांच्या थरांतून गाळून पाणी टाकीत घ्यावे. टाकी झाकलेली असावी, म्हणजे डास होत नाहीत. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. टाकीला जागा वा पैसा नसेल, तर तेच गाळलेले पाणी विहिरीत किंवा कूपनलिकेजवळच्या खड्ड्यात मुरवावे.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. येत्या उन्हाळ्यात आपल्या भिशीतून दर महिन्याला एका घराची पन्हळ आणि टाकी करावी. पहिला मान एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा असावा, कारण तिला टँकरमागे धावता येत नाही. दुसरी सूचना सहलीविषयी. रंध्याला पुन्हा जायचे झाले, तर मुलांना कठड्याच्या आतच ठेवावे, फोटोसाठी ओल्या कातळावर पाऊल टाकू देऊ नये, आणि आपला केरकचरा आपल्याच पिशवीतून परत आणावा. ते पाणी खाली कोणाच्या तरी माठात जाणार आहे.

 भिशीच्या सूचनेवर अध्यक्षबाईंनी पुढच्या बैठकीत चर्चा ठेवावी, एवढी विनंती करते आणि आपली रजा घेते.