गेमचं मशीन, दुकानातलं कार्ड आणि शेकडा साडेतीन



आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील, म्हणून आधीच सांगते. विषय मुलांच्या व्हिडिओ गेमचा असला तरी बोलायचं आहे ते आपल्या घरखर्चाबद्दल. गेम खेळतो मुलगा, दुकानात हौसेने जातात बापलेक, पण हप्ता कुठून भरायचा हे शेवटी आपल्यालाच बघावं लागतं. सणासुदीला दुकानांच्या पाट्यांवर ‘इतके टक्के सूट’, ‘या कार्डावर जादा सूट’, ‘बिनव्याजी हप्ते’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यातलं बारीक अक्षर आज आपण वाचू. मी ते वेळेवर वाचलं नव्हतं, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

आधी हे मशीन काय आहे ते पाहू. टीव्हीला जोडून खेळायच्या या यंत्राला कन्सोल म्हणतात. सोनी कंपनीचं प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं. डिस्क घालायची सोय असलेलं मशीन ४९,९९० रुपयांना आणि डिस्क नसलेलं, म्हणजे डिजिटल, ३९,९९० रुपयांना. आपला अनुभव असा की टीव्ही असो की मोबाइल, वर्ष-दोन वर्षांत तो स्वस्त होतो. इथे उलटं झालं. २०२२ संपता संपता दोन्ही मशीन पाच-पाच हजारांनी महागली. डिस्कचं मशीन ५४,९९० झालं. एप्रिल २०२४ मध्ये त्याचं सडपातळ रूप आलं, तेही त्याच किमतीला.

ही किंमत लक्षात ठेवायची, कारण सूट नेहमी कशावर तरी असते. जुलै २०२३ मध्ये याच मशीनवर काही दिवस साडेसात हजारांची सूट होती. ५४,९९० चं मशीन ४७,४९० ला. ऐकायला छान वाटतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या मूळ किमतीशी ताडून पाहिलं तर खरी बचत अडीच हजारांची. पाच हजार आधी वाढवलेले होते, तेच परत मिळाले. साडी घेताना आपण दुकानदाराला विचारतो ना, ‘आधीचा भाव काय होता?’ तेच इथेही विचारायचं.

दुसरी गोष्ट. मशीन घेतलं की खर्च संपत नाही, तिथून सुरू होतो. प्लेस्टेशन ५ सुरुवातीला कंपनी तोट्यात विकत होती. डिस्कच्या मशीनवरचा तोटा थांबला, असं कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. मग तोट्यात विकून परवडतं कसं? कमाई गेममधून होते. कंपनीचा स्वतःचा मोठा नवा गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांपर्यंत जातो. दुसऱ्या कंपनीचा गेम ऑनलाइन विकला गेला तरी त्यातला साधारण ३० टक्के वाटा मशीनवाल्या कंपनीला मिळतो. मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळायचं तर बऱ्याच गेमना वर्गणी लागते, ती वेगळी. म्हणजे मशीन ही चूल झाली. गॅस दर महिन्याला भरायचाच आहे.

म्हणूनच डिजिटल मशीन स्वस्त दिसलं तरी विचार करा. त्यात डिस्क चालत नाही. जुना गेम विकत घेता येत नाही, खेळून झालेला विकता येत नाही, मित्राकडून चार दिवस मागून आणता येत नाही. प्रत्येक गेम कंपनीच्याच ऑनलाइन दुकानातून, तिथल्याच भावाने घ्यावा लागतो. डिस्कचं मशीन असेल तर दोन-तीन मित्र मिळून एकेक गेम घेतात आणि फिरवतात. अशा काही गेममध्येच किमतीतला तो फरक भरून निघतो.

आता माझी गोष्ट सांगते.

२०२३ चा गुढीपाडवा. मुलाची दहावीची परीक्षा होत आली होती आणि ‘परीक्षा झाली की घेऊ’ असं मी त्याला वर्षभर म्हणत आले होते. आम्ही दोघंच शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. मशीन ५४,९९०. माझ्याकडे तेवढे पैसे नव्हते. तिथला मुलगा फार गोड बोलायचा. म्हणाला, “ताई, आमचं कार्ड घ्या. आत्ताच्या आत्ता चार हजार कमी होतील. पैसे सावकाश हप्त्याने भरा.” पॅन दिलं, आधार दिलं, मोबाइलवर आलेले आकडे सांगितले आणि अर्ध्या तासात साठ हजारांची मर्यादा मंजूर झाली. ५०,९९० रुपयांची पावती घेऊन आम्ही पेढे घेऊन निघावं तसे निघालो. ह्यांना सांगितलं, “हप्ता बसवलाय.”

पहिलं बिल आलं. त्यात एक चौकट होती, तिच्यात २,५५० रुपये. मी मनात हिशोब केला. २,५५० गुणिले वीस महिने, झाले एक्कावन्न हजार. जमतंय की! मी तो आकडा हप्ता समजून भरला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढाच, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. चार महिन्यांत माझ्या हातून दहा हजारांहून जास्त गेले. जुलैच्या शेवटी एकदा चष्मा लावून बिल नीट वाचलं, तर अजून अठ्ठेचाळीस हजारांच्या वर देणं बाकी! त्याच आठवड्यात चिरंजीव बातमी घेऊन आले, “आई, तेच मशीन आता ४७,४९० ला मिळतंय. कार्ड नसलं तरी.”

चूक कुठे झाली ते सांगते. त्या चौकटीवर ‘किमान देय रक्कम’ असं लिहिलेलं होतं. तो हप्ता नव्हताच. दुकानात कार्ड मशीनवर घासताना हप्त्याचा पर्याय निवडावा लागतो आणि किती महिने, किती रुपये, ते पावतीवर छापून येतं. माझ्या पावतीवर ते नव्हतं. व्यवहार साधा झाला होता, म्हणजे सगळे पैसे पहिल्या बिलाच्या मुदतीत भरायचे. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. पूर्ण बिल भरलं नाही, तर व्याज लागतं ते खरेदीच्या दिवसापासून. मागचं देणं फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

आणि व्याज किती? महिन्याला साडेतीन टक्के. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. पन्नास हजारांवर महिन्याला दोन हजारांच्या वर. म्हणजे चार हजारांची सूट दोन महिन्यांत परत गेली, पुढचं सगळं माझ्या खिशातून.

मैत्रिणींनो, मी आमच्या बचत गटाचं दप्तर लिहिते. आमचं व्याज शेकडा दीड. एखाद्या सावकाराने मला शेकडा साडेतीन सांगितलं असतं, तर मी त्याच्या पायरीवरून उठून आले असते. पण चकचकीत कागदावर ‘साडेतीन टक्के’ लिहिलेलं होतं, दुकानात थंडगार हवा होती, कोणी ‘कर्ज’ हा शब्दच उच्चारला नाही. सगळे ‘ऑफर’ म्हणत होते. मला ते कर्ज वाटलंच नाही.

ते देणं फेडायला मी आवर्त ठेव मोडली, त्यातून अठरा हजार आले. उरलेले तीस हजार गटातून घ्यायचे ठरवले. आमच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. इतर जणींसाठी मी त्यात शेळी, शिवणयंत्र, दवाखाना, मुलीची फी असं लिहीत आले. माझ्या नावापुढे काय लिहायचं? ‘शिक्षण’ लिहावं असं एकदा मनात आलं. हात तिथेच थांबला. मग लिहिलं, ‘कार्डाचं देणं’, आणि बैठकीत ते मोठ्याने वाचलं. कोणी हसलं नाही. एक काकू म्हणाल्या, “बाई, वाचलंस ते बरं केलंस.” बैठक संपल्यावर दोघी जणी थांबल्या. एकीचा फ्रिज, दुसरीच्या मुलाचा मोबाइल. तीच किमान रक्कम, तेच घरात न सांगणं. पैशापेक्षा हे गप्प राहणं आपल्याला जास्त महाग पडतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

आता ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे नो कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. मग आज चालतं ते काय? उदाहरण घ्या. मशीन ४८,००० रुपयांचं, हप्ते सहा, प्रत्येकी ८,०००. बँकेचं व्याज वर्षाला १५ टक्के धरा. व्याजाचे होतात सुमारे २,०३० रुपये. दुकान किंवा कंपनी तेवढीच सूट आधी देते आणि बँक तेवढंच व्याज नंतर घेते. आपल्याला वाटतं व्याज नाही. पण त्या व्याजावरचा जीएसटी, साधारण ३६५ रुपये, आपणच भरतो. प्रक्रिया शुल्क १९९ असेल तर करासकट २३५ रुपये होतात. म्हणजे बिनव्याजी हप्त्याचे झाले सहाशे. सहाशे फार नाहीत आणि वेळेवर भरणार असाल तर हा सौदा वाईटही नाही. पण त्याच दुकानदाराला हळूच विचारा, “रोख दिले तर ते दोन हजार मला कमी कराल का?” कधी कधी करतात.

कार्डावरच्या सुटीतही दोन प्रकार असतात. एक लगेच बिलातून कमी होते, दुसरी नंतर ‘कॅशबॅक’ किंवा गुण म्हणून मिळते. गुण त्याच दुकानात खर्चायचे असतील, तर ती पुढच्या खरेदीची चिठ्ठी समजा. ‘दहा टक्के सूट’ यापुढे बारीक अक्षरात ‘जास्तीत जास्त इतके रुपये’ असतं, तेही वाचा. मशीनबरोबर गेम जोडून दिला असेल तर मुलाला विचारा, तो गेम त्याला हवा होता का? नको असेल तर ती सूट आपली नाही.

आपल्या बाजूचे काही नियम आहेत, ते माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तुमच्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. सगळं देणं फेडल्यावर कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामाच्या दिवसांत ते बंद करायलाच हवं. नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यावे लागतात. दुकानात बसलेल्या वित्त कंपनीकडून हप्त्याचं कर्ज घेत असाल, तर सही करण्याआधी ‘मुख्य तथ्य विवरण’ मागा. व्याज, शुल्क, विमा सगळं धरून वर्षाला किती टक्के पडतं, ते त्यात तुम्हाला समजेल अशा भाषेत लिहिलेलं असलं पाहिजे. वस्तू किंवा दुकानाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

आता आमच्या घरात मोठी खरेदी असली की दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाकीट उघडत नाही. पहिला, आज रोख दिले तर किती? दुसरा, हप्त्याने घेतलं तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत सगळे मिळून किती? दोन्ही आकडे दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यायचे. दोन्हींतला फरक म्हणजे उसन्या पैशाचं भाडं. ते परवडत असेल तर खुशाल घ्या. आणि कार्डाने घेतलंच, तर मुदतीच्या आत पूर्ण बिल भरायचं. तेवढे पैसे बाजूला नसतील, तर ती सूट आपल्यासाठी नाही.

तिसरी गोष्ट मुलांची. आपण त्यांना एक तर ‘नाही’ म्हणतो, नाहीतर कर्ज काढून ‘हो’ म्हणतो. मधला रस्ता म्हणजे त्यांना हिशोबाला बसवणं. मी ते बिल मुलासमोर ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने वहीत स्वतः दोन रकाने पाडले: मशीनची किंमत आणि आपण खरंच किती दिले. तेव्हापासून नवा गेम आला की तो सहा महिने थांबतो. तोवर भाव उतरतो, नाहीतर एखाद्या मित्राकडे डिस्क आलेली असते. मशीन आजही आमच्या टीव्हीखाली आहे. रविवारी मीही गाड्यांची शर्यत खेळते आणि हरते.

गटाचं कर्ज फिटलं. वहीतला तो रकाना मात्र मी खोडला नाही. नवीन बाई गटात आली की तिला ते पान दाखवते.

तुमच्या घरात असं एखादं बिल असेल तर आज रात्री बाहेर काढा. ‘किमान देय’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि त्याच्या शेजारची ‘एकूण देय’ रक्कम घरातल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.